कुलूपबंद फाटकाची पाहणी

मंगळवार, दिनांक ३ मार्च. वेळ सकाळी सहा ते आठ. फाटकातून गेलेली माणसे : शून्य.

ही नोंद माझी नव्हे. नगरपालिकेने नेमलेल्या दोन तरुणांनी ती केली आणि आकड्यापुरते बोलायचे तर तीत कोणालाही चूक काढता येणार नाही. आमच्या इमारतीमागच्या गल्लीत, बागेच्या भिंतीतल्या लहान लोखंडी फाटकासमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून ते बसले होते. मी वरून गॅलरीतून पाहत होतो. अखेर राहवेना म्हणून खाली उतरलो.

"काय मोजताय?"

"या फाटकातून बागेत किती माणसं जातात ते," त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला.

"फाटकाला कुलूप आहे."

"दिसतंय की, काका. शेऱ्यात लिहिलंय तसं." त्याने कागद माझ्यापुढे धरला. खरोखरच लिहिले होते : फाटक बंद स्थितीत आढळले.

"मग जाणार कोण?"

"ते आम्ही कसं सांगणार? आम्ही फक्त मोजतो."

दुसरा जांभई आवरत म्हणाला, "काका, जरा बाजूला उभे राहता का? तुम्ही असे मध्ये आलात तर आकडा बिघडेल."

मी बाजूला झालो. आकडा बिघडला नाही.

या फाटकाशी माझे काय देणेघेणे, ते आधी सांगितले पाहिजे. जानेवारीत माझ्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, असे सर्वांनी सांगितले. गुडघ्याला मात्र ते कळवायचे राहून गेले असावे. फेब्रुवारीच्या मध्याला डॉक्टरांनी कोनमापक लावला, तेव्हा तो बहात्तर अंशांपर्यंत वाकत होता आणि तिथे पोचला की गंजलेल्या झडपेसारखा अडत होता. डॉक्टर म्हणाले, "दहा एप्रिलला पुन्हा या. तोवर नव्वदच्या पुढे गेला पाहिजे. नाही गेला, तर परत भूल देऊन आम्हाला तो जोर लावून वाकवावा लागेल."

जोर लावण्याचे तिला काही वाटले नाही. भुलीचे वाटले. मागच्या खेपेला शुद्धीवर आल्यावरही दोन दिवस ती मला तिच्या शाळेतला शिपाई समजत होती आणि घंटा का दिली नाही म्हणून रागावत होती. आज आम्ही ते हसून सांगतो. त्या दोन दिवसांत मात्र तिसऱ्या दिवशी काय होईल, हे कोणालाच माहीत नव्हते. दवाखान्यातून घरी येताना, मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली ती एवढेच म्हणाली, "मला ती भूल पुन्हा नको हं." चाळीस वर्षे वर्ग सांभाळलेली बाई, विनंती करण्याची तिला सवय नाही. म्हणून ते वाक्य मी विसरलो नाही.

घरचे व्यायाम चालूच होते. ते शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावले, "घरातल्या घरात फेऱ्या मारणं म्हणजे चालणं नाही, काकू. चार पावलं टाकली की फ्रिज येतो, वळावं लागतं. मोकळ्यावर, सपाट जागेवर, पूर्ण पाऊल टाकून चाला. मगच गुडघा सुटेल."

मोकळी सपाट जागा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. बागेतली पायवाट. इमारतीच्या मागच्या दारातून निघाले, गल्ली ओलांडली की फाटक, आणि फाटकाच्या आत लगेच पायवाट. पण फाटकाला कुलूप. कधीकाळी बागेतले दोन नळ चोरीला गेले म्हणून ते लावले होते. नळ पुन्हा बसले, पुन्हा गेले, आता नळ नाहीतच, कुलूप आहे. बागेचे मोठे दार पलीकडच्या बाजूला. तिकडे जायचे तर मोठ्या रस्त्याने जवळजवळ एक किलोमीटरचा वळसा. त्या रस्त्याला फुटपाथ होता, अशी आठवण सांगणारी माणसे आहेत. आता तिथे गाड्या उभ्या असतात आणि गाड्यांच्या मधून गटाराची झाकणे नसलेली भोके. आम्ही एकदा तो प्रयोग केला. एका मोटरसायकलचे हँडल तिच्या कोपराला लागून गेले आणि ती एका टेम्पोवर आदळली. दुखापत झाली नाही. मात्र त्यानंतर ती त्या रस्त्याला गेली नाही आणि मीही आग्रह केला नाही. रोज टॅक्सीने जावे, तर एवढ्याशा अंतरासाठी कोणी थांबत नाही, आणि न वाकणारा पाय गाडीत घेणे हाच तिच्यासाठी दिवसाचा सर्वात मोठा त्रास.

थोडक्यात, एक कुलूप निघाले की प्रश्न सुटत होता. मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपगृहात काढली. अडथळा कुठे आहे हे कळले की तो काढायचा, एवढेच मला येते. पण अडथळा सार्वजनिक मालकीचा होता, म्हणून तो रीतसर काढायचा असे मी ठरवले.

"तुमच्या पेटीत लोखंड कापायची करवत आहे ना?" पत्नीने विचारले.

"आहे."

"मग?"

"अगं, सार्वजनिक मालमत्ता आहे ती."

"आणि माझा गुडघा खासगी. असंच ना?"

मी बूट चढवून बाहेर पडलो.

उद्यान अधीक्षकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, "फाटक आमचं आहे, साहेब. पण उघडतं ते गल्लीत. गल्ली रस्तेवाल्यांची. त्यांच्या परवानगीशिवाय आम्ही माणसं त्यांच्या गल्लीत कशी सोडणार?"

"मला माणसं बागेत न्यायची आहेत. गल्लीत सोडायची नाहीत."

"गेलेली माणसं परत येणारच ना?"

मी रस्ते विभागात गेलो. तिथल्या अभियंत्यांनी सांगितले, "गल्ली आमची, मान्य. किल्ली बागवाल्यांकडे असते." बागवाल्यांनी किल्ली रस्तेवाल्यांकडे असल्याचे आधीच सांगितले होते. मी तसे म्हणालो. अभियंता हसले. मग माझ्या पूर्वीच्या नोकरीची चौकशी करून त्यांनी टेबलावरची पेन्सिल दोनदा आपटली. "अहो, तुम्ही तर आमच्यातलेच. एक काम करा. आमची शारीरिक हालचाल प्रोत्साहन धोरण समिती आहे. लोकांनी चालावं, हिंडावं, यासाठी धोरण करतोय आम्ही. त्यात एक नागरिक-सदस्य कमी पडतोय. तुम्ही या. फाटकाचा विषय तिथेच घेऊ."

मला खरोखर आनंद झाला. लोक चालत नाहीत ते आळशी असतात म्हणून नव्हे. त्यांच्या वाटेत कोणीतरी काहीतरी आणून ठेवलेले असते म्हणून. हे सरकारी कागदावर यायला हवे, असे माझे जुने मत आहे. घरी येऊन मी तसे म्हणालो.

"कागदावर येईल की," पत्नी म्हणाली. "कागदाला गुडघे नसतात. तो कुठेही येतो."

समितीची बैठक नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टसमोर रांग होती, म्हणून मी जिन्याकडे वळलो, तर जिन्याच्या दाराला कडी आणि कडीला कुलूप. लिफ्टवाला म्हणाला, "जिना बंद आहे, काका. आत माल भरलाय."

"कसला माल?"

"पोस्टरं. पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. पाय ठेवायला जागा नाही."

"कसली पोस्टरं?"

"जिना वापरा, म्हणून."

तो गंभीर होता. मीही गंभीर राहिलो आणि रांगेत उभा राहिलो.

समितीच्या अध्यक्षांचे कार्यालय त्याच आवारात, समोरच्या इमारतीत. मध्ये फरशीचे अंगण. ते बैठकीला गाडीने आले. चालकाने गाडी एका दारातून रस्त्यावर काढली, वळसा घेऊन दुसऱ्या दारातून आत आणली, आणि या फेरीला लागलेल्या वेळाबद्दल अध्यक्षांनी आत येताच वाहतुकीला दोष दिला. त्या बैठकीत मुख्यतः बोधचिन्हावर चर्चा झाली. चिन्हातल्या चालणाऱ्या माणसाने डावा पाय पुढे टाकावा की उजवा, यावर आरोग्य अधिकारी आणि रस्ते अभियंता यांच्यात तीव्र मतभेद होते. चहा झाल्यावर दोन्ही पाय जुळवून उभा असलेला माणूस घ्यावा, अशी तडजोड झाली. त्यानंतर मी फाटकाचा विषय मांडला. समितीच्या सल्लागार, एक हुशार आणि अतिशय नम्र बाई, मान डोलावून म्हणाल्या, "सर, खूप छान मुद्दा. पण आपलं धोरण पुराव्यावर आधारलेलं आहे. आधी मागणी मोजू."

त्या मोजणीचे फळ म्हणजे तो शून्याचा आकडा.

पाच तारखेच्या बैठकीत तो पडद्यावर दाखवला गेला. मोठा, निळा, कडेने सावली दिलेला.

"आकडा स्पष्ट आहे," सल्लागार बाई म्हणाल्या. "मागणी नाही."

"बाई, फाटकाला कुलूप आहे," मी म्हणालो.

"हो सर, शेऱ्यात घेतलंय ना ते."

"मुख्य झडप बंद ठेवायची, नळाखाली भांडं लावायचं आणि भांडं कोरडं राहिलं म्हणजे लोकांना तहान नाही, असं म्हणायचं. पंपगृहात असं अनुमान कोणी काढलं असतं तर त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी यंत्राजवळ येऊ दिलं नसतं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वा," ते म्हणाले. "उपमा फार छान आहे. धोरणाच्या प्रस्तावनेत घ्या ही. तहान, भांडं, सगळं घ्या."

सल्लागार बाईंनी लिहून घेतले. ती उपमा आज छापील धोरणाच्या पहिल्या पानावर आहे. तिच्याखाली माझा नव्हे, अध्यक्षांचा फोटो आहे.

रस्ते अभियंत्यांनी मला समजावले, "तुम्ही भावनेच्या भरात जाताय. मागणी असती तर लोक निदान येऊन उभे राहिले असते. कुलूप पाहून हळहळले असते. तेही आम्ही मोजलं असतं. हळहळायलासुद्धा कोणी आलं नाही, त्याला काय करणार?"

"उभे राहिले तर मोजाल?"

"का नाही? पुन्हा पाहणी लावू. पुढच्या मंगळवारी."

हे मी घरी सांगितले तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. आमच्या इमारतीत कोणाच्याही घरातली बातमी त्यांच्यामार्फत गेल्याशिवाय अधिकृत होत नाही. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "नुसतं उभंच राहायचंय ना, भाऊजी? आमच्या घरचे एरवी तेच करतात दिवसभर. त्यांना आधी पाठवते."

दहा मार्चला सकाळी सहा वाजता गल्ली भरली. आमची इमारत, शेजारची इमारत, पलीकडच्या वसाहतीतले लोक; कोणाला रक्तदाब, कोणाला साखर, कोणाला नुसतेच सुटलेले पोट. बागेचा हिरवा तुकडा रोज खिडकीतून पाहणारी आणि आत जायला वाट नसलेली इतकी माणसे आपल्या आजूबाजूला राहतात, हे मलाही ठाऊक नव्हते. पत्नी काठी घेऊन अगदी पुढे, फाटकाला हात लावून उभी होती. तेच दोन तरुण खुर्च्यांवरून उठून मोजत होते. बसून मोजण्यापलीकडे गर्दी गेली होती.

"मोज रे, नीट मोज," वहिनी चष्मेवाल्याला म्हणाल्या. "या आमच्या मिस्टरांना अर्धंच धर. त्यांचं अर्धं लक्ष घरी चहात आहे."

"काकू, हलू नका ना. परत पहिल्यापासून मोजावं लागतं."

"ऐकलंत का? हलू नका म्हणतोय. चालायच्या खात्याचा माणूस आहे हा!"

गल्ली हसली. पत्नीही हसली. मी तिच्याकडे पाहिले. ती कितीतरी दिवसांनी घराबाहेर इतका वेळ होती. तासभर उभे राहिल्याने संध्याकाळी गुडघा सुजला. बर्फ लावताना मी म्हणालो, "आता तरी मानतील."

"आठवडा गेला," ती म्हणाली. मी माझ्या जुन्या पेटीतला कोनमापक लावून पाहिला होता. चौऱ्याहत्तर. तिने आकडा विचारला नाही, कारण माझ्या चेहऱ्यावर तो तिला वाचता येतो.

बारा तारखेची बैठक मी आयुष्यभर विसरणार नाही. पडद्यावर आता शून्य नव्हते. तीन रंगांचा आलेख होता.

सल्लागार बाई म्हणाल्या, "दुसऱ्या पाहणीत अतिशय महत्त्वाची गोष्ट पुढे आली. फाटकासमोर मोठ्या संख्येने नागरिक बराच वेळ एकाच जागी स्थिर आढळले. एकानेही चालण्याची कृती केली नाही."

मी म्हणालो, "बाई, तुमच्याच माणसाने त्यांना हलू नका सांगितलं."

"ती मोजणीची गरज होती, सर."

आरोग्य अधिकारी चिंतेने म्हणाले, "दीर्घकाळ स्थिर उभं राहणं पायांच्या शिरांना फार वाईट. आपण ज्याच्याविरुद्ध धोरण करतोय, ते नेमकं हेच आहे."

"म्हणजे शहरातली निष्क्रियतेची सर्वात मोठी जागा आपल्याला सापडली," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात शोध लागल्याचा आनंद होता. "उपाय काय सुचवता?"

उपाय तयारच होता. आर्थिक वर्ष संपत आले होते, आणि महिनाअखेरपर्यंत खर्ची न पडल्यास परत जाणारा निधी समितीकडे शिल्लक होता. नागरिक जिथे उभे राहतात तिथेच, म्हणजे फाटकासमोर गल्लीत, एक चालण्याचे यंत्र बसवावे असे ठरले. हे यंत्र बहुतेकांनी पाहिले असेल. लोखंडी चौकटीला दोन लोंबते पाय असतात. त्यांवर उभे राहून पाय मागेपुढे झुलवायचे. विजेची गरज नाही, जागा लागत नाही, आणि माणूस कितीही चालला तरी जिथल्या तिथेच राहतो. समितीला ते पसंत पडले यात नवल नाही.

"यंत्र नको," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "फाटक उघडा. एवढंच करा. दुसरं काही करू नका."

अध्यक्षांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले. "काका, फाटक उघडलं तर माणसं आत निघून जातील. मग यंत्र वापरणार कोण?"

सर्वांनी माना डोलावल्या. माझा विरोध इतिवृत्तात 'सदस्यांनी उत्साहाने भाग घेतला' या शब्दांत नोंदवला गेला.

जे फाटक महिनाभरात कोणाला उघडता आले नाही, त्याच्यासमोर आठ दिवसांत काँक्रीटचा चौथरा झाला, यंत्र आले, पिवळा रंग लागला. फाटक बागेच्या बाजूला उघडणारे, म्हणून त्याला चौथऱ्याची अडचण नव्हती. पण चौथरा आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवे होऊन जाईल एवढीच फट उरली. पत्नीने गॅलरीतून यंत्र पाहिले आणि विचारले, "हे माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीसुद्धा."

"त्यावर चढायला गुडघा वाकवावा लागेल हो," ती म्हणाली आणि पुन्हा फ्रिजपर्यंत गेली, वळली, परत आली.

रविवारी, बावीस मार्चला, उद्घाटन ठरले. गल्ली अरुंद, म्हणून व्यासपीठ भिंतीच्या आतल्या बाजूला बागेत उभारले. माईक, हार, पाहुण्यांच्या खुर्च्या सगळे आत. यंत्र, फीत आणि आम्ही रहिवासी बाहेर. भिंतीपलीकडून चालण्याचे महत्त्व सांगणारी भाषणे आम्हाला ऐकू येत होती. फाटकाच्या गजांतून अध्यक्षांचे बूट आणि त्यांची विजार दिसत होती. पत्नीसाठी मी फाटकाशेजारी खुर्ची ठेवली होती.

भाषणे संपली. निवेदक म्हणाला, "आता माननीय अध्यक्षांनी फीत कापून, यंत्रावर चालून, धोरणाचं लोकार्पण करावं अशी मी विनंती करतो." टाळ्या झाल्या. अध्यक्ष कात्री घेऊन व्यासपीठावरून उतरले, फाटकापाशी आले आणि थांबले. फीत त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मध्ये कुलूप होते.

"किल्ली?" ते म्हणाले.

उद्यान अधीक्षकांनी रस्ते अभियंत्यांकडे पाहिले. रस्ते अभियंत्यांनी उद्यान अधीक्षकांकडे पाहिले. मी इकडे गजांना धरून उभा होतो आणि, प्रामाणिकपणे सांगतो, इतके समाधान मला निवृत्तीनंतर प्रथमच मिळत होते.

"साहेब, मोठ्या दाराने फिरून येऊ या," अधीक्षक म्हणाले. "जेमतेम किलोमीटर असेल."

"गाडी काढा."

"गाडी गल्लीत शिरणार नाही, साहेब. चौथरा आलाय ना मध्ये. आणि या टोकाला मांडववाल्याचा ट्रक आहे."

"मग?"

"चालत..." अधीक्षकांनी तो शब्द फार हळू उच्चारला.

त्यावर रस्ते अभियंता पुढे झाले आणि त्यांनी जे वाक्य म्हटले ते साऱ्या गल्लीने ऐकले. "नको, साहेब. त्या रस्त्याने चालणं सुरक्षित नाही. फुटपाथच नाहीये."

पत्नीने माझ्याकडे वर पाहिले. "हे शेऱ्यात घ्यायला सांगा," ती म्हणाली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. छायाचित्रकार खोळंबले होते. "तोडा," ते म्हणाले.

यंत्र बसवणारा फिटर बाहेरच, यंत्राचे नट शेवटचे आवळत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "तोडू, काका?" जणू काही मीच अध्यक्ष होतो. मी म्हणालो, "तोडा." त्याच्याकडे कापायचे मशीन होते. ठिणग्या उडाल्या, कुलूप खाली पडले, आणि फाटक करकरत आत उघडले.

"किती वेळ लागला हो?" पत्नीने विचारले.

"अर्धं मिनिट."

"करवतीने किती लागला असता?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

अध्यक्ष आडवे होऊन त्या फटीतून बाहेर आले. त्यांच्यामागून अधीक्षक, अभियंता, आरोग्य अधिकारी, सल्लागार बाई. फीत कापली गेली. अध्यक्ष यंत्रावर चढले, चार झोके घेतले, चार छायाचित्रे झाली, उतरले. पाचवा झोका कोणी मागितला नाही. सगळे टाळ्या वाजवत असताना पत्नी खुर्चीवरून उठली, तिने काठी सरळ धरली आणि ती फाटकाकडे निघाली.

"काकू, कार्यक्रम इकडे आहे," सल्लागार बाई म्हणाल्या.

"होय गं बाळ. मला तिकडे जायचंय."

ती फाटकातून आत गेली. तिच्यामागून मी. आमच्यामागून वहिनी आणि त्यांचे मिस्टर, आणि मग सगळी गल्ली, एकेक करून, आडवी होऊन. परत जायला निघालेल्या अध्यक्षांना वाट मिळेना. त्यांना आमच्यासाठी भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागले, आणि बराच वेळ राहावे लागले. त्या वेळी मोजायला मात्र कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा बंद होईल, अशी मला भीती होती. ते झाले नाही. कुलूप रस्तेवाल्यांचे की बागवाल्यांचे, हे ठरल्याशिवाय नवे कोणी आणायचे ते ठरेना. शिवाय अध्यक्षांच्या आदेशाने तुटलेले कुलूप पुन्हा लावायला अध्यक्षांचाच आदेश हवा. आणि धोरणाच्या मुखपृष्ठावर, यंत्रावर झुलणाऱ्या अध्यक्षांच्या मागे, उघडे फाटक स्पष्ट दिसते. ते बंद केले तर मुखपृष्ठ खोटे ठरेल. त्या छापील प्रती जिथे ठेवायच्या तिथे, म्हणजे जिन्यात, पोहोचल्या आहेत. नोकरीत मी दिरंगाईला आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या फाटकाच्या बाबतीत मी तिच्या पाया पडायला तयार आहे.

पुढच्या पाहणीत चष्मेवाला यंत्राजवळून जाणारा प्रत्येक माणूस मोजत बसला होता. यंत्रावर कोणी नव्हते. कोणाच्या तरी मुलाचे दप्तर तेवढे त्यावर लटकत होते. समितीच्या अहवालात ती सारी माणसे 'यंत्राचे लाभार्थी' म्हणून गेली आणि आता आणखी यंत्रे येणार आहेत. ती कुठे बसवावीत म्हणून मला पत्र आले. ज्या ज्या फाटकांना कुलूप आहे त्यांच्यासमोर बसवा आणि उद्घाटनाचे व्यासपीठ आतल्या बाजूला ठेवा, असे मी सविस्तर नकाशासह कळवले आहे.

पत्नी रोज सकाळी जाते. पहिल्या दिवशी एका बाकापर्यंत, मग कारंज्यापर्यंत, मग पूर्ण फेरी. चौथ्या दिवसापासून ती माझ्यापुढे असते आणि मागे वळून म्हणते, "पाय उचला हो, समितीवर बसल्यासारखे काय चालताय!"

दहा एप्रिलला आम्ही दवाखान्यात गेलो. तिने पाय टेबलावर घेतला आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता. डॉक्टरांनी गुडघा हळूहळू वाकवत नेला, जुन्या जागी तो अडला नाही, पुढे गेला, आणखी पुढे गेला. मग त्यांनी कोनमापक लावला, वाकून वाचला आणि भुलीच्या डॉक्टरांना निरोप द्यायला उभ्या असलेल्या नर्सला हातानेच नको म्हणून खुणावले.

अठ्ठ्याण्णव अंश.